कायमचे मूल : 'मानसिक वय' या शब्दाचा इतिहास

काही शब्द मोजमापासाठी जन्माला येतात आणि पुढे निवाड्यासाठी वापरले जातात. 'मानसिक वय' हा असाच एक शब्द आहे. 'मुलगी तीस वर्षांची आहे, पण तिचे मानसिक वय सातच आहे' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे ऐकतो आणि उच्चारतो, की त्यात एखादा सिद्धान्त दडलेला असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. त्या वाक्यातून पुढची वाक्ये मात्र आपोआप निघतात. सात वर्षांच्या मुलीला लग्नाविषयी कोण विचारतो? सात वर्षांच्या मुलीला शरीरसंबंधांविषयी काय सांगायचे? तिच्या शरीराचे काय करायचे ते तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवले तर त्यात वावगे काय? अशा रीतीने एका उपमेच्या आधारावर माणसाच्या प्रौढपणाचा सगळा हिशेब मिटवला जातो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांचे लैंगिक शिक्षण आणि त्यांचे निकटचे संबंध हा विषय वैद्यकाचा, कायद्याचा किंवा फार तर समाजकार्याचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्या वाटेला का जावे, असा प्रश्न आमच्या काही सहकाऱ्यांनी आम्हांस विचारला. आमचे उत्तर असे, की हा इतिहास मुळात नावे ठेवण्याचा इतिहास आहे. 'ठेवणे' या क्रियापदाच्या दोन्ही अर्थांनी. कोणाला काय म्हणायचे आणि कोणत्या गोष्टीला नावच द्यायचे नाही, या दोन निर्णयांवर तो उभा आहे. असे निर्णय कसे घेतले जातात हे तपासणे हे तर भाषा शिकवणाऱ्यांचेच काम आहे.

प्रथम संज्ञांचा थोडा उलगडा करणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ज्याला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात, त्याला आपल्याकडे आता 'बौद्धिक अक्षमता' किंवा 'बौद्धिक दिव्यांगत्व' म्हटले जाते. आपल्याकडची 'अध्ययन अक्षमता' ही वाचन, लेखन व गणन यांतील विशिष्ट अडचणींपुरती मर्यादित असून २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही ती वेगळी नोंदवलेली आहे. 'मतिमंद' हा शब्द मराठीत 'वेडा', 'खुळा', 'जड' अशा शब्दांच्या जागी सभ्य पर्याय म्हणून रुळला. मग त्यालाच उपहासाची धार चढली आणि 'गतिमंद', 'विशेष' असे नवे पर्याय शोधावे लागले. शब्द बदलत राहिले, पण त्यांच्यामागची 'हे कधीच मोठे न होणारे मूल आहे' ही कल्पना फारशी बदलली नाही.

ही कल्पना सनातन आहे असेही नाही. धर्मशास्त्रातील 'जड' या संज्ञेकडे पाहिले तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागाला अपात्र असलेल्यांच्या यादीत आंधळे, बहिरे, मुके, उन्मत्त यांच्यासोबत 'जड' माणसाचाही समावेश आहे. त्याला वाटा नाकारून केवळ अन्नवस्त्र देण्यास सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी पुढे असेही म्हटले आहे, की अशांपैकी कुणास पत्नीची इच्छा झालीच तर त्याची संतती वाट्यास पात्र ठरते. ही व्यवस्था न्याय्य होती असे आम्ही म्हणत नाही. ती मालमत्तेची आणि पुरुषसत्तेचीच व्यवस्था होती. परंतु ज्याला व्यवहार कळत नाही त्यालाही कामना असू शकते, ही साधी गोष्ट तिने गृहीत धरली होती. 'जड' माणूस तिच्या लेखी मूल नव्हता. कारभारास अपात्र ठरवलेला प्रौढ होता. व्यवहारबुद्धीच्या अभावातून कामनेचाच अभाव सिद्ध करण्याचे तर्कशास्त्र नंतरचे आहे. १९२८च्या हिंदू वारसाविषयक कायद्याने अपंगत्वामुळे येणारी बहुतेक अपात्रता काढून टाकली, तेव्हाही जन्मतः वेडा वा जड असलेला माणूस अपवाद म्हणून मागेच राहिला. तो अपवाद १९५६च्या उत्तराधिकार कायद्याने संपवला.

'मानसिक वय' या कल्पनेचा जन्म फ्रान्समधला. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये शाळकरी मुलांसाठी एक चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असणारी मुले ओळखावीत, एवढाच तिचा हेतू होता. १९०८च्या सुधारित आवृत्तीत प्रश्नांची मांडणी वयानुसार केली गेली आणि अमुक वयाची मुले सामान्यतः जे करतात ते या मुलाला जमते का, हे पाहिले जाऊ लागले. बिने यांच्या लेखी ही 'पातळी' होती. शिक्षणाने ती बदलू शकते असा त्यांचा विश्वास होता. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांच्या हाती ही चाचणी आल्यावर मात्र पातळीचे 'वय' झाले आणि त्या वयाचे माणसाच्या कायमच्या स्वभावात रूपांतर झाले. १९१० मध्ये गोडार्ड यांनी 'मोरॉन' हा शब्द घडवला, तोही शास्त्रीय संज्ञा म्हणूनच. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी व कन्नड मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर केले आणि 'बिने-कामत' चाचणी हे नाव विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात पुढे दीर्घकाळ परिचित राहिले.

चाचणी वाईट होती असा आमचा दावा नाही. बारा वर्षांचे एखादे मूल नऊ वर्षांच्या मुलाइतकी कोडी सोडवते, हे विधान शिक्षकाच्या उपयोगाचे आहे. पण तीस वर्षांच्या स्त्रीविषयी तेच विधान केले की ते रूपक बनते. तिने तीस पावसाळे पाहिलेले असतात. पंधरा-सोळा वर्षे तिला पाळी आलेली असते. घरातल्या माणसाचा मृत्यू आणि धाकट्या बहिणीचे लग्न तिने अनुभवलेले असते. आपल्याला कुणी मागणी घालत नाही हे तिच्या ध्यानात आलेले असते. कोड्यांच्या चाचणीत यांपैकी कशालाच गुण नसतात. सात वर्षांच्या मुलीपाशी यांतले काहीच नसते, आणि म्हणूनच ती सात वर्षांची मुलगी नसते.

या रूपकाला दुसरीही बाजू आहे आणि ती अधिक भयानक आहे. ज्याला एकीकडे निष्पाप बालक म्हटले जात होते, त्यालाच त्याच काळात समाजाचा शत्रूही ठरवले जात होते. ब्रिटनच्या १९१३च्या मेंटल डेफिशिअन्सी अ‍ॅक्टने माणसांचे चार वर्ग केले. त्यांतला शेवटचा वर्ग 'नैतिक' दुर्बलांचा होता, आणि सरकारी मदतीवर असताना विवाहाबाहेर मूल झालेल्या स्त्रीला 'दुर्बल' ठरवून डांबून ठेवण्याची सोय त्या कायद्यात होती. डेन्मार्कने त्यासाठी बेटेच राखून ठेवली: १९११ पासून लिवो बेट पुरुषांसाठी आणि १९२३ पासून स्प्रोगो बेट स्त्रियांसाठी. स्प्रोगोवर धाडलेल्या अनेकींचा अपराध एवढाच होता, की समाजाला रुचेल त्यापेक्षा अधिक मोकळेपणाने त्या पुरुषांत वावरत होत्या. निर्बीजीकरणास संमती ही बेटावरून सुटण्याची वाट असे. ही दोन्ही बेटे १९६१ पर्यंत चालू होती.

या इतिहासात १९२७ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली. आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धीच्या निपजल्या, आता पुरे झाले, अशा आशयाचे वाक्य न्यायमूर्ती होम्स यांनी निकालपत्रात लिहिले. पुढील संशोधनातून जे बाहेर आले ते असे: कॅरी बकचे गरोदरपण तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या एका नातलगाने केलेल्या बलात्काराचा परिणाम होता, आणि तिची मुलगी व्हिव्हियन अवघी आठ वर्षे जगली, पण शाळेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होत होती. म्हणजे अत्याचार झाकण्यासाठी बुद्धीच्या दुर्बलतेचा आधार घेतला गेला आणि ती दुर्बलता सिद्ध करण्यासाठी अत्याचारातून जन्मलेले मूल पुराव्यात आणले गेले. अमेरिकेत विसाव्या शतकात साठ हजारांहून अधिक माणसांचे अशा कायद्यांखाली निर्बीजीकरण झाले. जर्मनीत १९३३च्या कायद्यानंतर ही संख्या सुमारे चार लाखांवर गेली. १९३५ ते १९७५ या काळात स्वीडनसारख्या लोकशाही कल्याणकारी राज्यातही ती साठ हजारांच्या पुढे होती.

याच १९२७च्या जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, ते चालले. मराठीत लैंगिक शिक्षणाचा आरंभ कर्व्यांपासून मानला जातो तो योग्यच आहे. कामसुख आणि प्रजोत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुखावर स्त्रीचाही अधिकार आहे आणि या गोष्टी शुद्ध मराठीत सांगता येतात, हे त्यांनी खटले सोसून मांडले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. ह्याच १९२७ मध्ये ना. सी. फडके यांचे 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना होती. आपल्या अभ्यासक्रमात फडके भेटतात ते प्रणयकथांचे शिल्पकार म्हणून. पण या पुस्तकाचे उपशीर्षक भारतात सुप्रजननाची चळवळ उभारण्याची मागणी करते.

हा केवळ योगायोगाचा खेळ नाही. संततिनियमनाच्या पहिल्या पिढीतील विचारात मुक्ती आणि निवड या दोन धारा एकाच पात्रातून वाहत होत्या. स्त्रीला नको असलेल्या बाळंतपणातून सोडवायचे, ही एक धारा. समाजाला नको असलेल्या माणसांचे जन्म रोखायचे, ही दुसरी. कामसुख प्रजोत्पादनापासून वेगळे करण्याचा कर्व्यांचा मुद्दा नीट शेवटापर्यंत नेला असता, तर बुद्धीने दुर्बल माणसालाही सुखाचा अधिकार आहे, असा निष्कर्ष त्यातून निघू शकला असता. तो निघाला नाही. 'सुप्रजा' या शब्दात कोणाची प्रजा 'सु' नाही हे आधीच ठरलेले होते. मराठी लैंगिक शिक्षणाची परंपरा जिच्याशी बोलू पाहत होती ती व्यक्ती वाचणारी, विचार करणारी, विवाहित होती. जिला वाचता येत नव्हते तिच्याविषयी बोलले गेले असेल, पण तिच्याशी बोलले गेले नाही.

त्या काळचे साहित्य या दुहेरी प्रतिमेत कितपत अडकले होते? विल्यम फॉकनरच्या १९२९च्या 'द साउंड अँड द फ्यूरी' या कादंबरीतील बेंजी तेहतीस वर्षांचा आहे, पण घरची माणसे त्याला तीन वर्षांच्या मुलासारखे वागवतात. तोच बेंजी फाटकाबाहेर येऊन एका शाळकरी मुलीला धरतो तेव्हा मात्र तो एकाएकी पुरुष ठरतो आणि त्याचे खच्चीकरण केले जाते. फॉकनरचे मोठेपण असे, की हा प्रसंग त्याने बेंजीच्याच मनातून दाखवला. त्या मनात वासनेपेक्षा काही सांगण्याची धडपड अधिक आहे, आणि ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचा स्पर्श हल्ला म्हणून वाचला जातो. जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) मध्ये लेनीला मऊ वस्तूंना हात लावायला आवडते, आणि त्या आवडीचा शेवट एका स्त्रीच्या आणि मग त्याच्या स्वतःच्या मृत्यूत होतो. या दोन्ही कृतींत एक प्रश्न विचारला जात नाही: या माणसांना कुणी कधी काही शिकवले होते का?

मराठीत जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे नाटक आणि १९९१चा 'चौकट राजा' हा चित्रपट यांनी मध्यमवर्गीय प्रेक्षकासमोर हा विषय सन्मानाने आणला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु 'नातीगोती'चा भार आईबापांच्या वेदनेवर आहे. 'चौकट राजा'तील नंदूचे प्रेम बालपणीच्या मैत्रिणीवरचे आहे. ते बालपणीचे आहे, म्हणूनच ते आपण डोळे पुसत पाहू शकतो. ते तिशीतल्या पुरुषाचे प्रेम म्हणून समोर आले असते तर प्रेक्षागृहात किती अस्वस्थता पसरली असती, याची कल्पना करून पाहावी. आपल्या करुणेचीही एक अट असते, आणि ती अट म्हणजे समोरच्याने मूल राहिले पाहिजे.

युद्धोत्तर काळात हे चित्र बदलू लागले ते पुन्हा डेन्मार्कमध्येच. जर्मन ताब्याच्या काळात स्वतः कैद भोगलेले निल्स एरिक बँक-मिकेल्सन यांच्या पुढाकाराने १९५९चा कायदा झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला शक्य तितके सर्वसामान्य आयुष्य मिळावे, हे त्याचे सूत्र होते. स्वीडनच्या बेंग्त निर्ये यांनी १९६९ मध्ये त्याची फोड केली: दिवसाची लय, आठवड्याची लय, वर्षाची लय, आयुष्याच्या टप्प्यांचा अनुभव, निवडीचा मान, आणि त्यातच स्त्रीपुरुषांनी एकत्र असलेल्या जगात राहणे. हे शेवटचे कलम आज साधे वाटते. ज्या संस्थांत पुरुषांचे आणि स्त्रियांचे विभाग भिंतीने तोडलेले होते, तिथे त्याचा अर्थ फार मोठा होता. ब्रिटनमध्ये अ‍ॅन क्राफ्ट यांनी १९७०च्या दशकापासून या प्रौढांच्या लैंगिक शिक्षणावर लेखन व प्रशिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये डेन्मार्कने 'लैंगिकता : अपंगत्व असो वा नसो' अशा अर्थाच्या शीर्षकाची मार्गदर्शक तत्त्वेच प्रसिद्ध केली. संस्थेतील माणसाच्या लैंगिक गरजेविषयी कर्मचाऱ्यांनी काय करावे आणि काय कदापि करू नये, हे तीत लिहून ठेवले. एकेकाळी बेटे राखून ठेवणारा देश तीस वर्षांत इथवर आला.

आपल्याकडे याच सुमारास काय घडले, हे सांगणे सुखावह नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतील काही मुली व तरुणींची गर्भाशये काढून टाकण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि अत्याचार झाल्यास गर्भ राहण्याचा धोका आहे, अशी कारणे दिली गेली. स्त्री-संघटनांनी तीव्र विरोध केला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळच्या वादात विरोधकांनी मांडलेला एक युक्तिवाद आजही तितकाच बिनतोड आहे. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही; फक्त त्याचा पुरावा उरत नाही. संरक्षणाच्या नावाखाली जे केले गेले त्याने संरक्षण झाले ते अत्याचारी पुरुषाचे आणि जबाबदार संस्थेचे. पाळीचे कापड कसे बदलावे हे चित्रांच्या आणि सरावाच्या आधारे महिनोन्‌महिने शिकवणे शक्य होते. पण त्याला मनुष्यबळ लागते, चिकाटी लागते आणि समोरची व्यक्ती शिकू शकते यावर विश्वास लागतो. शस्त्रक्रियेला एक सकाळ पुरते.

कायद्याची भाषा त्यानंतर हळूहळू बदलली. २००९ मध्ये 'सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक अनाथ तरुणी शासकीय आश्रयगृहात असताना तिच्यावर बलात्कार झाला होता आणि ती गरोदर होती. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने मात्र गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मनोरुग्णता आणि बौद्धिक अक्षमता यांत कायदा फरक करतो, आणि दुसऱ्या बाबतीत स्त्रीची स्वतःची संमती डावलता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. सुप्रजननाचा सिद्धान्त शास्त्राने खोटा ठरवला आहे, हेही त्या निकालपत्रात आले. 'बक विरुद्ध बेल'नंतर ब्याऐंशी वर्षांनी एका न्यायालयाने दिलेले ते उत्तर होते, असे म्हणता येईल. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले होते. त्याला अनुसरून झालेल्या २०१६च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमाने मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया निषिद्ध ठरवली. तथापि त्याच अधिनियमाने अपंगत्व 'तीव्र' असल्यास डॉक्टरांच्या मताने व पालकाच्या संमतीने गर्भपाताची वाट खुली ठेवली आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये 'जड' व 'वेडा' हे शब्द जाऊन संमतीच्या क्षमतेची भाषा आली, पण विवाहास व प्रजोत्पादनास 'अयोग्य' ठरवणारा मनोविकाराचा निकष राहिलाच. जुना अपवाद नवे कपडे घालून परत येतो.

आणि मग २०१७चा 'ईरा' निकाल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका अडतीस वर्षांच्या स्त्रीवर बलात्कार झाला होता. तिचे मानसिक वय सहा ते आठ वर्षांचे आहे, म्हणून बालकांना संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली खटला चालावा, अशी तिच्या आईची मागणी होती. त्या मागणीमागची वेदना खरी होती. विशेष न्यायालयात बंद दाराआड, मुलाला सोसवेल अशा रीतीने साक्ष घेतली जाते आणि तेवढे तरी या स्त्रीला मिळावे, यात गैर काहीच नव्हते. न्यायालयाने मागणी नाकारली. कायद्यातील वय म्हणजे जन्मापासूनचे वय. मानसिक वय त्यात बसवता येणार नाही. या निकालावर टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही आमचे मत असे, की दुसरा निकाल अधिक घातक ठरला असता. मानसिक वयानुसार एकदा 'बालक' ठरलेली प्रत्येक प्रौढ व्यक्ती कायमची संमतीबाहेर गेली असती. तिचा कुणाशीही, अगदी तिने स्वतः निवडलेल्या जोडीदाराशीही आलेला संबंध गुन्हा ठरला असता. संरक्षण हवे, पण ते बालपणाच्या दाखल्यावर मिळता कामा नये. प्रौढ माणसाला मदतीची गरज असते या साध्या आधारावर मिळाले पाहिजे.

ही मदत म्हणजेच शिक्षण, आणि इथे प्रश्न आपल्या, म्हणजे भाषेच्या, दारात येतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला अमूर्त गोष्टी समजणे कठीण जाते; ठोस शब्द, चित्र, पुनरावृत्ती यांनी तो शिकतो. आपली लैंगिक भाषा मात्र नेमकी उलट घडलेली आहे. मुलीला पाळी आली की 'कावळा शिवला', 'अडचण आली', 'बाहेर बसली'. शरीराच्या अवयवांना एक तर नावच नाही, किंवा 'तिकडची जागा' आहे. नाव आहे तेव्हा ते शिवीत आहे किंवा संस्कृत कोशात आहे. सामान्य मूल या आडवळणांतून आपापल्या परीने वाट काढते: मित्रमैत्रिणींकडून, चोरून वाचलेल्या पुस्तकांतून. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद पडला तेव्हाही ती चोरवाट खुली होतीच. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याला मित्र नाहीत, त्याला ती वाटही नाही. कावळा शिवला असे सांगितलेल्या मुलीने खिडकीतल्या कावळ्याला घाबरावे, यात तिच्या बुद्धीचा दोष कमी आणि आपल्या भाषेचा अधिक आहे.

आज जिथे असे शिक्षण दिले जाते तिथे त्याचे स्वरूप अगदी साधे असते. शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव. कोणती गोष्ट चारचौघांत करायची आणि कोणती दार लावून. जवळच्या नात्यांची रंगीत वर्तुळे: आई कोणत्या वर्तुळात, मित्र कोणत्या, बसमधला अनोळखी माणूस कोणत्या, आणि प्रत्येक वर्तुळात कोणता स्पर्श चालतो. 'नाही' म्हणण्याचा सराव. 'हो' म्हणण्याचाही सराव; कारण ज्याला आयुष्यभर आज्ञाधारकपणासाठी शाबासकी मिळाली, त्याच्या 'हो'ला अर्थ यायचा असेल तर त्याला आधी 'नाही' म्हणता आले पाहिजे. हे शिकवले तर इच्छा जागी होईल, अशी भीती पालकांना वाटते. ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्यानंतर याला कोण पाहील, या चिंतेत जगणाऱ्यांची ती भीती आहे. परंतु इच्छा शिकवण्याची वाट पाहत थांबलेली नसते. अशिक्षित इच्छा बेंजीच्या फाटकापाशी पोहोचते, आणि अशिक्षित भोळेपणा अत्याचाऱ्याच्या हाती सापडतो.

अत्याचार झालाच तर न्यायालय काय विचारते? कुठे हात लावला, काय केले, ते सांगा. २०१३च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीनंतर अशा स्त्रीचा जबाब विशेष शिक्षकाच्या किंवा दुभाषाच्या मदतीने नोंदवण्याची आणि त्याचे चित्रीकरण करण्याची तरतूद झाली, व नव्या संहितेतही ती कायम आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण दुभाषा जे शब्द पुढे पोहोचवणार, ते शब्द त्या स्त्रीला आधी कुणीतरी दिलेले असावे लागतात. ज्या अवयवाला तिच्या भाषेत नावच नाही, त्यावरचा अत्याचार तिने कोणत्या भाषेत सांगावा?

नव्वद वर्षांपूर्वी कर्व्यांनी मराठीत जे शब्द उभे करण्याचा प्रयत्न केला, ते काम अर्धवट राहिले आहे. त्यांनी सुशिक्षितांसाठी शब्द घडवले. आता ज्यांना एका वाक्यात एकच गोष्ट समजते त्यांच्यासाठी ते हवे आहेत: लहान, नेमके, शिवी नसलेले आणि लाज न आणणारे. ते विशेष शाळांतील शिक्षिकांनी एकट्याने घडवावेत, अशी अपेक्षा धरून आपण मराठीचे अध्यापक भाषेच्या समृद्धीवर व्याख्याने देत राहणे शोभणारे नाही. आणि ते घडेपर्यंत निदान एक गोष्ट आपल्याला आजच करता येईल. तीस वर्षांच्या स्त्रीला तीस वर्षांची म्हणावे.